जायंट-साइझ एक्स-मेन क्र. १ (१९७५): नव्या संघाचा पहिला अंक कसा वाचावा, कसा पारखावा

शाईबोरू

संघावर चालणारी कॉमिक मालिका नव्याने सुरू करायची तर पहिल्या अंकावर किती ओझं पडतं, हे पाहायला मार्व्हल या अमेरिकन कॉमिक प्रकाशनाचा 'जायंट-साइझ एक्स-मेन' क्रमांक १ उघडावा. या अंकाचं नाव निघालं की चर्चा दोनच गोष्टींवर जाते: स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस इथे पहिल्यांदा दिसले, आणि चांगल्या प्रतीला किती पैसे पडतात. अंक आतून कसा रचलाय हे बाजूला राहतं. धागा त्यासाठी काढलाय. आवृत्त्या, खरेदी, जपणूक यावरही इथेच लिहा.

आधी थोडी पार्श्वभूमी. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये 'एक्स-मेन' सुरू केलं: म्युटंटांच्या, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती लाभलेल्यांच्या, संघाची गोष्ट. मार्च १९७०च्या ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टी थांबल्या. त्या वर्षअखेरीस ६७वा अंक आला तो जुन्या गोष्टींचं पुनर्मुद्रण घेऊन, आणि ९३व्या अंकापर्यंत (एप्रिल १९७५) तेच चाललं. म्हणजे मासिकाचं नाव स्टॉलवर होतं, पण आत नवं काही नव्हतं. परदेशातही विकलं जाईल असा वेगवेगळ्या देशांतल्या वीरांचा संघ करावा, ही कल्पना मार्व्हलचे तेव्हाचे अध्यक्ष अल लँडाउ आणि संपादक रॉय थॉमस यांच्या बोलण्यातून निघाली. प्रत्यक्ष अंक लिहिला लेन वाइन यांनी, चितारला डेव्ह कॉकरम यांनी. रंग ग्लिनिस वाइन, अक्षरं जॉन कॉस्टांझा.

एकूण ६८ पानं (मुखपृष्ठासह), किंमत ५० सेंट. साधा अंक तेव्हा २५ सेंटला मिळायचा. नवी गोष्ट ३६ पानांची. उरलेल्या जागेत जाहिराती आणि जुन्या 'एक्स-मेन'च्या ४३, ४७ आणि ५७ या अंकांमधल्या सायक्लॉप्स, आइसमन आणि मार्व्हल गर्ल यांच्यावरच्या तीन छोट्या पुरवणी-गोष्टी.

आता त्या ३६ पानांत काय काय बसवायचं होतं ते मोजा. सात जणांची ओळख. जुना संघ कुठे गेला त्याचं कारण. नव्यांना एकत्र आणणारं संकट. चार वेगळ्या दिशांनी चढाई. शत्रूचा उलगडा, जुन्यांची सुटका, शेवटची लढाई. वाइन यांनी यातला ओळखीचा भाग सर्वांत आधी ठेवला आणि तोच सर्वांत निगुतीने लिहिला. संघाचा संस्थापक प्रोफेसर झेवियर एकेकाकडे जातो: जर्मनीतल्या विन्झेलडॉर्फमध्ये जमावाच्या तावडीत सापडलेला नाइटक्रॉलर, क्वेबेकच्या लष्करी तळावर वुल्व्हरिन, नॅशव्हिलला बॅन्शी, केनियात स्टॉर्म, ओसाकात सनफायर, सैबेरियात बैकल सरोवराजवळच्या सामुदायिक शेतावर कोलोसस, अ‍ॅरिझोनातल्या कॅम्प व्हर्डीला थंडरबर्ड.

झेवियर प्रत्येकाला वेगळ्या भाषेत गळ घालतो, हे बारकाईने बघा. स्टॉर्मला तो सांगतो की तू देवी नाहीस, म्युटंट आहेस, आणि जग तुझ्या गावापेक्षा मोठं आहे. कोलोससचा प्रश्न असा की आपली ताकद देशाची नाही का; तो आईवडिलांकडे बघतो. थंडरबर्ड ऐकत नाही म्हटल्यावर झेवियर त्याच्या अपाची अभिमानाला सरळ डिवचतो. वुल्व्हरिनला मनवावंच लागत नाही, तो तिथल्या तिथे सरकारी नोकरी सोडतो. सात भेटींत सात स्वभाव कळतात, आणि आठवा झेवियरचाही. हा माणूस समोरच्याची दुखरी जागा हेरून बोलतो, हे पुढच्या अनेक वर्षांच्या गोष्टींचं बीज इथे आहे.

नाइटक्रॉलरला जागा भरपूर, बॅन्शी आणि सनफायरला जेमतेम. तेही बरोबरच. बॅन्शी २८व्या अंकापासून वाचकांना ठाऊक होता, सनफायर ६४व्या अंकात येऊन गेला होता, वुल्व्हरिन 'हल्क'च्या १८०-१८१ मध्ये. अस्सल नवे चारच: स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस, थंडरबर्ड. पानं नव्यांवर खर्च केली.

---

पानगळ

ओळखीच्या भागाबद्दल पूर्ण सहमत. पण निम्म्यानंतर अंक खाली येतो, हेही इथे नोंदवायला हवं.

क्राकोआ म्हणजे अणुचाचण्यांमुळे जिवंत झालेलं बेट. म्युटंटांची ऊर्जा शोषणं हे त्याचं अन्न. त्याने जुना संघ पकडला आणि सायक्लॉप्सला मुद्दाम परत जाऊ दिलं, आणखी म्युटंट घेऊन यावेत म्हणून. कल्पना म्हणून हे छान आहे, कारण बचावमोहीमच सापळा ठरते. अडचण अशी की बेटाला स्वभाव नाही. सात स्वभाव इतक्या मेहनतीने उभे केले आणि समोर माती, वेली आणि दगड. वुल्व्हरिन नखांनी वेली कापतो, कोलोसस दगड फोडतो. कोणी कोणाला ओळखत नाही, त्यामुळे एकमेकांची ताकद वापरून काही करण्याचा प्रसंग शेवटापर्यंत येत नाही.

आणि शेवट? स्टॉर्म वीज ओतते, पोलारिसची चुंबकशक्ती त्या जोरावर बेटाखाली काम करते आणि अख्खं बेट अंतराळात फेकलं जातं. वाचताना धावतं आहे, पण सातपैकी सहा नव्यांचा त्यात काही हात नाही. नव्या संघाच्या पहिल्या अंकाची शेवटची लढाई जुन्या संघातली पोलारिस जिंकते!

---

शाईबोरू

पानगळ, आक्षेप रास्त आहे. त्यामागे दोन कारणं दिसतात.

एक म्हणजे बेट अंतराळात फेकण्याची युक्ती वाइन यांची नव्हे. क्रिस क्लेरमाँट तेव्हा कचेरीत सहायक होते. कथानकाच्या चर्चेत शेवट अडला तेव्हा पोलारिसचा वापर त्यांनी सुचवला. म्हणून तो भाग वरून जोडल्यासारखा वाटतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ही मालिका त्रैमासिक जाड अंकांची व्हायची होती. दुसऱ्या जाड अंकाचं कथानकही ठरलं होतं. मग बेत बदलला, ती गोष्ट दोन तुकडे करून नेहमीच्या 'एक्स-मेन'मध्ये ९४ (ऑगस्ट १९७५) आणि ९५ (ऑक्टोबर १९७५) म्हणून आली. कथानक वाइन यांचं, संवाद क्लेरमाँट यांचे. ९६पासून सगळं क्लेरमाँट यांच्याकडे. 'जायंट-साइझ' क्र. २ निघाला खरा, पण त्यात नील अ‍ॅडम्स यांच्या जुन्या गोष्टींचं पुनर्मुद्रण होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की हा अंक म्हणजे सुरुवातीचा पहिला भाग आहे, पूर्ण सुरुवात नाही. संघ बनतो तो ९४ आणि ९५ मध्ये. नेता कोण, राहणार कोण, सराव, पहिली भांडणं, पहिला मृत्यू, सगळं तिथे आहे. १, ९४, ९५ हे तीन अंक एका बैठकीत वाचावेत आणि मगच निवाडा करावा.

---

टिंबटिंब

शेवटच्या चौकटीचा हिशोब कोणी करून बघितलाय का? तेरा एक्स-मेनचं आता करायचं काय, असा प्रश्न विचारून अंक संपतो. तेरा असे: सायक्लॉप्स, एंजल, आइसमन, मार्व्हल गर्ल, हॅवॉक, पोलारिस हे सहा जुने, अधिक सात नवे. बीस्ट त्यात नाही. तो १९७२ मध्येच स्वतःच्या गोष्टींमध्ये निळसर केसाळ रूप घेऊन बाहेर पडला होता आणि 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या वाटेवर होता. पहिल्यांदा वाचणाऱ्याला बीस्ट कुठे गेला असा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर या अंकाच्या बाहेर आहे.

आणि त्या प्रश्नाचं उत्तर ९४व्या अंकाच्या पहिल्याच पानांत. सनफायर निघून जातो, एकटा सायक्लॉप्स सोडून बाकीचे जुनेही जातात. तेरांची संख्या चित्रकाराला पेलणारी नव्हती. एका चौकटीत तेरा वेश, तेरा ताकदी दाखवायच्या म्हणजे चेहरे राईएवढे होणार. सहा-सात जण ही संघकथेची खरी मर्यादा.

---

नवखा_वाचक

हे सगळं वाचून अंक वाचायची इच्छा झाली. कुठली आवृत्ती घ्यावी? मूळ प्रत परवडणारी नाही. फोनवर वाचलं तर चालेल का?

---

ठिपकेदार

नवखा_वाचक, आवृत्तीत फरक पडतो, आणि तो मुख्यतः रंगांचा असतो. म्हणून आधी मूळ अंक कसा छापला जायचा ते सांगतो.

तेव्हाची अमेरिकन कॉमिक्स बहुतेक इलिनॉयमधल्या स्पार्टा गावच्या छापखान्यात, स्वस्त न्यूजप्रिंटवर निघत. काळी शाई रेषांसाठी. रंगासाठी पिवळी, लाल आणि निळी. प्रत्येक रंगाच्या चार पायऱ्या: काहीच नाही, २५ टक्के, ५० टक्के, १०० टक्के. चार गुणिले चार गुणिले चार म्हणजे ६४ छटा, त्यातच सगळं बसवायचं. रंगकार छोट्या प्रतीवर रंग भरून शेजारी प्रत्येक छटेचा संकेत लिहायचे, त्यावरून ठिपक्यांच्या पट्ट्या हाताने कापून रंगांचे ठसे तयार व्हायचे. न्यूजप्रिंट शाई पितं, ठिपका पसरतो आणि रंग मवाळ होतो. ग्लिनिस वाइन यांनी हे सगळं गृहीत धरून रंग निवडले. स्टॉर्मचे पांढरे केस म्हणजे कागद कोराच सोडलाय. नाइटक्रॉलरचं अंग काळी शाई आणि त्यात निळ्याची कड, त्यामुळे सावलीत तो काळा आणि उजेडात निळा वाटतो. कॉकरम यांनी त्याची ताकद म्हणून सावलीत दिसेनासं होणं ठेवलं होतं. रंगकाम त्याला नेमकं पूरक आहे.

तेच संकेत गुळगुळीत पांढऱ्या कागदावर जसेच्या तसे छापले तर १०० टक्के पिवळा आणि १०० टक्के लाल डोळ्यांत खुपतात. चकचकीत पुनर्मुद्रणांत हाच दोष दिसतो. आता पर्याय:

'मार्व्हल मास्टरवर्क्स'चा पहिला 'अनकॅनी एक्स-मेन' खंड: हा अंक आणि ९४ ते १००. संघ बनण्यापासून तुटायला येईपर्यंतचा तुकडा एका हातात मावतो. पहिल्या वाचनाला मी हाच सांगेन.

'एपिक कलेक्शन'चा 'सेकंड जेनेसिस' नावाचा खंड: मऊ पुठ्ठा, जास्त अंक, पैशाच्या मानाने सर्वांत फायद्याचा. ग्रंथालयातून किंवा जुन्या पुस्तकांत मिळाला तर सोडू नका.

'अनकॅनी एक्स-मेन ऑम्निबस' खंड १: १, ९४ ते १३१ आणि एक वार्षिकांक. वजन फार, झोपून वाचता येत नाही. टेबलावर ठेवून वाचणाऱ्यांसाठी.

'एसेन्शियल एक्स-मेन' खंड १: काळा-पांढरा, १ आणि ९४ ते ११९. चित्रकला शिकणाऱ्याने हा मुद्दाम शोधावा. रंग नसल्यामुळे कॉकरम यांचं शाईकाम उघडं दिसतं, काळे भाग कुठे ठेवलेत ते कळतं.

'क्लासिक एक्स-मेन' क्र. १ (१९८६): हा अंक त्यात पुन्हा छापलाय, पण तसाच नाही. काही भाग कापला आहे आणि नवी पानं घातली आहेत. मुखपृष्ठ आर्थर अ‍ॅडम्स यांचं सुंदर आहे. पण मूळ अंकाची बांधणी अभ्यासायची असेल तर हा घेऊ नका, शाईबोरूंनी मोजलेला पानांचा हिशोब जुळणार नाही.

फोनवर 'मार्व्हल अनलिमिटेड' चालेल. शोधताना वर्ष १९७५ घाला, कारण 'जायंट-साइझ एक्स-मेन' नावाचे पुढचे अंकही आहेत. एकेक चौकट मोठी करून दाखवण्याची सोय बंद करून पूर्ण पान बघा. कॉकरम यांचं पान चौकटींच्या आकारमानावर उभं असतं. कोलोससचं शरीर पोलादाचं होतं तेव्हा ती चौकट शेजारच्या चौकटींहून किती मोठी आहे, हे एकेक चौकट बघताना कळतच नाही. फोनऐवजी १० इंची टॅब्लेट असेल तर पान जवळजवळ मूळ आकारात येतं.

---

नवखा_वाचक

एवढं सविस्तर! धन्यवाद. मास्टरवर्क्स शोधतो.

---

गुळगुळीत_कणा

मूळ प्रत घेणाऱ्यांसाठी थोडं. बरेच जण साध्या अंकाच्या सवयीने ही प्रत तपासतात आणि फसतात.

साधा अंक मध्ये घडी घालून दोन पिनांनी शिवलेला असतो. हा जाड अंक चौकोनी कण्याचा आहे. आतली पानं बाजूने पिनांनी धरलेली आणि मुखपृष्ठ कण्यावर डिंकाने चिकटवलेलं. यामुळे बिघाडही वेगळे होतात:

डिंक वाळून मुखपृष्ठ कण्यापासून सुटतं. आधी वरच्या किंवा खालच्या टोकाला अर्धा-एक सेंटिमीटर सुटतं, मग पूर्ण. विक्रेत्याकडून कण्याच्या दोन्ही टोकांचे जवळून काढलेले फोटो मागा.

अंक कोणी सपाट उघडला असेल तर कण्यावर उभी घडी पडते आणि तिथला रंग उडून पांढरी रेघ येते. कण्याचा रंग चांगला असेल आणि घडी नसेल तर ती प्रत खरोखर कमी हाताळलेली.

कोणी सुटलेलं मुखपृष्ठ नव्या डिंकाने चिकटवलेलं असतं. कण्याच्या आतल्या कडेला चकाकी किंवा पिवळट ओघळ दिसतो. पांढरी रेघ रंगाच्या पेनाने झाकलेली असेल तर जंबुपार दिव्याखाली तो भाग वेगळा उजळतो. अशी दुरुस्ती सांगून विकली तर ठीक, किंमत मात्र बरीच उतरते.

पानं मोजा. आत ६४ हवीत. शेवटच्या तीन जुन्या गोष्टी तिन्ही आहेत ना, बघा. जाहिरातीच्या पानावरचं कूपन कापलेलं असेल तर पाठीमागची चित्रंही गेली. ('हल्क' १८१ घेणाऱ्यांनी तर आधी आतला मार्व्हल व्हॅल्यू स्टँप आहे का ते पाहावं; मुलं तो कापून वहीत चिकटवायची.)

२०१९ मध्ये जाहिरातींसकट हुबेहूब नवी प्रत निघाली आहे. वाचायला उत्तम. पण मूळ म्हणून कोणी गळ्यात मारू नये यासाठी पहिल्या पानाखालचा बारीक मजकूर वाचा, नव्या प्रतीत नवं वर्ष असतं. कागदावरूनही कळतं. ५० वर्षांचं न्यूजप्रिंट कडेने तपकिरी होऊन आत फिकट होत जातं, सगळं पान एकसारखं पांढरं नसतं.

प्लास्टिकच्या सीलबंद पेटीतली, गुण दिलेली प्रत घेत असाल तर पेटीवरचा क्रमांक गुण देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून फोटो ताडून पाहा. पेटीच्या कडा उचकटलेल्या दिसल्या तर व्यवहार थांबवा.

---

खारेवारे

जपणुकीबद्दल. मुंबई, कोकण, गोवा इथल्या हवेत न्यूजप्रिंटचे दोन शत्रू: दमट हवा आणि कागदातलंच आम्ल. अमेरिकन मार्गदर्शकांत पहिल्याबद्दल पुरेसं नसतं.

पिशवी: पॉलिप्रॉपिलीनची स्वस्त पिशवी काही वर्षांत बदलावी लागते. पॉलिएस्टरची जाड पारदर्शक पिशवी, मायलर म्हणतात ती, टिकते. साध्या अंकाच्या मापाची या जाड अंकाला घट्ट होते आणि कोपरे दुमडतात. एक माप मोठी घ्या, साधारण ७ १/८ इंच रुंदीची.

पाठीमागचा पुठ्ठा आम्लविरहित आणि चुन्याचा अंश असलेला हवा. वहीचा किंवा शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा मुळीच नको, त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि मागच्या मुखपृष्ठावर तपकिरी सावली येते.

आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न करा. पावसाळ्यात खोलीत ८० सहज ओलांडते. घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा, आत रंग बदलणारे सिलिका जेलचे खडे आणि एक छोटा आर्द्रतामापक. खडे रंग बदलले की भट्टीत तापवून पुन्हा वापरता येतात. पावसाळ्यात ही तपासणी आठवड्याला करा. आणि पावसाळ्याच्या दिवसांत डबा उघडून अंक दाखवत बसू नका. आत शिरलेली दमट हवा झाकणाखाली अडकते.

डांबरगोळ्या टाळा. वास कागदात बसतो आणि जात नाही. भिंतीला लागून डबा ठेवू नका, विशेषतः बाहेरच्या भिंतीला.

हे चौकोनी कण्याचे अंक आडवे रचू नका. वरच्या वजनाने कणा तिरका होतो. उभे ठेवा, पण सैल नाही; मोकळी जागा पुठ्ठ्यांनी भरा.

---

नखदर्पण

वुल्व्हरिनच्या मुखवट्याचा उल्लेख अजून कोणी केला नाही, आणि तो तर दृश्यरचनेच्या दृष्टीने या अंकातला सर्वांत टिकलेला बदल आहे.

'हल्क' १८१ मध्ये हर्ब ट्रिम्पी यांनी जॉन रोमिता यांच्या आराखड्यावरून चितारलेला वुल्व्हरिन पाहा. मुखवट्याला आखूड टोकं आणि गालांवर मिशांसारख्या रेघा. या अंकाचं मुखपृष्ठ गिल केन यांनी काढलं आणि टोकं लांब, मागे झुकलेली काढली. तसं काही ठरलेलं नव्हतं, त्यांच्या हातून तसं झालं. कॉकरम यांना ते इतकं आवडलं की त्यांनी आतल्या पानांतला मुखवटा त्याप्रमाणे बदलला. आज जगभर ओळखला जातो तो मुखवटा हा.

नखांबद्दलही सांगतो. वाइन यांच्या डोक्यात नखं हातमोज्यांत बसवलेली होती. हा अंक तसं समजूनच वाचावा. ती हाडांपाशी, अंगातच आहेत हे ९८व्या अंकात (एप्रिल १९७६) उघड झालं. त्यामुळे इथला वुल्व्हरिन पुढच्या वुल्व्हरिनहून थोडा हलका वाटतो. तळावरच्या अधिकाऱ्याचा टाय एका फटक्यात कापतो तो प्रसंग पाहा. रागीट, उर्मट तरुण एवढंच तेव्हा ठरलं होतं.

कॉकरम यांच्या वहीतल्या आराखड्यांबद्दल आणखी थोडं. नाइटक्रॉलर त्यांनी आधी मार्व्हलच्या प्रतिस्पर्धी डीसी प्रकाशनाच्या 'लीजन ऑफ सुपर-हिरोज'शी जोडलेल्या एका संघासाठी योजला होता, तिथे नाकारला गेला. मूळ चित्रं परत मिळण्यावरून वाद झाला आणि ते मार्व्हलकडे आले. स्टॉर्म दोन आराखड्यांची मिळून झाली: मांजर होऊ शकणारी एक नायिका आणि हवामानावर हुकूमत असलेला एक नायक. मांजरीसारख्या नायिका तेव्हा इतरत्र येऊन गेल्या होत्या म्हणून मांजर वगळली, पण डोळ्यांचा आणि केसांचा ढब राहिला. नकार मिळालेल्या वस्तूतून उत्तम काही घडवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं आठवत नाही.

---

आडवाटी

थंडरबर्डबद्दल कुणीतरी लिहायला हवं. जॉन प्राउडस्टार ९५व्या अंकात मरतो, म्हणजे दिसल्यापासून तिसऱ्याच अंकात. खलनायक काउंट नेफेरिया ज्यातून पळतोय त्या विमानाला तो नुसत्या हातांनी फोडतो, झेवियरने थांबायला सांगूनही. त्या काळी संघातला सभासद मारून टाकणं आणि तो मेलेलाच राहू देणं याला फार धैर्य लागायचं.

कारण रचनेतच दिसतं. ताकद कोलोससशी जुळणारी, आणि राग वुल्व्हरिनसारखाच. तिघं एका संघात ठेवले की एक जण फालतू पडणार. म्हणून अंक १ मधले त्याचे प्रसंग पुन्हा वाचा. रानरेड्याशी झुंजताना दाखवलाय तेव्हा त्याची ओळख म्हणजे नुसती हिंमत. स्टॉर्मजवळ आहे तसा आतला प्रश्न त्याला दिलेला नाही. पहिल्याच अंकात कोण टिकणार आणि कोण नाही, हे तिथेच ठरलं होतं असं मला वाटतं. एका अपाची नायकाच्या वाट्याला हे यावं याचं वाईटही वाटतं. त्याला जास्त पानं मिळायला हवी होती.

भारतीय वाचकांसाठी जोड: हेच नाव पुढे २००० साली कोलकात्याच्या नील शारा या पात्राला दिलं गेलं, क्लेरमाँट आणि लेइनिल यू यांच्या 'एक्स-मेन'मध्ये. जॉनचा धाकटा भाऊ जेम्स, म्हणजे वॉरपाथ, त्याआधीच १९८४ मध्ये आला होता.

---

पानगळ

आडवाटी, चांगला मुद्दा. याच कसोटीवर डीसीचं १९८०चं 'न्यू टीन टायटन्स' लावून पाहा. लेखक मार्व वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ, आणि संपादक कोण? लेन वाइनच. तिथे त्यांनी वाचकाला नवा संघ आधी दुसऱ्या मासिकातल्या १६ पानी पुरवणीत दाखवला, मग क्रमांक १ आणला. तीन नवे, चार जुने, आणि तिन्ही नव्यांची दुःखं एकमेकांहून वेगळी: एकीचा बाप राक्षस, एकाचं शरीर यंत्राचं, एक परग्रहावरून पळून आलेली राजकन्या. कोणाची ताकद कोणाला झाकत नाही. अंक १ मधलं थंडरबर्डचं दुखणं तिथे दुरुस्त झालेलं दिसतं.

---

टिंबटिंब

२००५-०६ मधलं 'डेडली जेनेसिस' आधी वाचायचं की नंतर? त्यात म्हणे सातांच्या आधी क्राकोआवर आणखी एक संघ पाठवला होता.

---

शाईबोरू

नंतर, आणि बरंच नंतर. एड ब्रुबेकर यांच्या त्या गोष्टीत झेवियरने व्हल्कन, पेत्रा, स्वे आणि डार्विन यांना आधी पाठवलं आणि ते हरल्यावर सायक्लॉप्सच्या आठवणीतून ते पुसलं, असं दाखवलंय. मी वर लिहिलं ना, झेवियर दुखऱ्या जागा हेरतो, त्याचं हे टोक. गंमत अशी की ते नाव या अंकाच्या मुखपृष्ठावर आधीच छापलेलं आहे! बाहेर 'डेडली जेनेसिस' आणि आत कथेचं नाव 'सेकंड जेनेसिस'.

वाचनाचा क्रम असा ठेवा. अंक १, मग ९४ ते १०१. तिथे जीन ग्रे, म्हणजे मार्व्हल गर्ल, फिनिक्स हे नवं, प्रचंड शक्तीचं रूप घेते आणि पहिलं आवर्तन पुरं होतं. १०७ पर्यंत कॉकरम (मध्ये एखादा अपवाद), १०८ (डिसेंबर १९७७) पासून जॉन बर्न. हे सगळे अंक दोन महिन्यांनी एक निघत. ११२पासून दर महिन्याला यायला लागले. म्हणजे यश लगेच आलं नव्हतं, तीन वर्षं लागली. मग १४३ पर्यंत थांबू नका. त्यानंतर 'डेडली जेनेसिस'. आणि क्राकोआचं पुढे काय झालं ते पाहायचं असेल तर २०१९चं 'हाउस ऑफ एक्स'. क्राकोआ तिथे म्युटंटांचा देश आहे.

---

पानगळ

म्हणजे ज्याला मी स्वभाव नसलेलं म्हटलं, त्यालाच ४४ वर्षांनी सर्वांत जास्त काम मिळालं. पण १९७५च्या अंकापुरतं माझं मत तेच. ठिपकेदार, 'एसेन्शियल'मध्ये क्राकोआची पानं काळ्या-पांढऱ्यात कशी दिसतात? रंग नसताना वेली आणि माणसं वेगळी ओळखू येतात का?

---

ठिपकेदार

येतात. कॉकरम यांनी बेटाला तुटक, खरबरीत रेघ दिली आहे आणि माणसांना सलग, जाड बाह्यरेषा. कोलोससच्या अंगावर सरळ आडव्या पट्ट्या आहेत, त्या वेलींच्या वळणांत लगेच उठून दिसतात. घोळ होतो तो दाट झाडीतल्या नाइटक्रॉलरच्या चौकटींत, कारण तिथे तोही काळा आणि सावलीही काळी. तेवढ्या चौकटी रंगीत प्रतीत शेजारी ठेवून पाहा.